झाकली मूठ

उजळाईवाडीच्या धावपट्टीवर पारा एकोणचाळीस
आणि माझ्या डाव्या पंखात बर्फ.

सकाळी दस्तगीरचाचा म्हणाले होते,
रातच्याला वळीव झालाय,
ब्रेकच्या पेट्या कोरड्या कर पोरी, दोन्ही.
उजवी केली. स्पंज पिळला, कडेनं बोट फिरवून पाहिलं.
डावीकडं वळले तोवर चहा आला,
चहातनं गुळाचा भाव निघाला, भावातनं कुणाचंसं लग्न,
आणि डावी राहिली.
असेल वाटीभर पाणी. जास्त नाही.

दुपारी राधानगरीच्या अंगाला एक ढग फुगत होता.
त्यानं मला उचललं,
मी नको म्हणाले नाही.
आठ हजार. अकरा. चौदा.
घामानं चिकटलेला कुडता आधी गार झाला, मग कडक,
काचेवर आतून माझ्याच श्वासाची बुरशी,
पंखांवर गारांचा ताशा.
वर गेलीस की ब्रेक मधून मधून उघडझाप कर,
बिजागरीला काम विसरू देऊ नको –
हेही चाचाच.
मी उंचीचा काटा बघत बसले.
असा काटा माणसाला बहिरं करतो.

घरी यायला वळले, निळी मूठ मागं ओढली.
मूठ तिथंच.
पुन्हा.
तिथंच.

ब्रेकशिवाय ग्लायडर खाली येतं पण टेकत नाही,
पान वाढून झालं, विडा झाला,
तरी उंबऱ्यात गप्पा मारत उभ्या पाहुण्यासारखं
पट्टीवर तरंगत राहतं,
आणि पट्टी संपते तिथं कुंपण, मग हायवे, मग ट्रक.

जोर लावू?
चाचांचा डावा हात आठवला,
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर,
दोन बोटं मशीनला देऊन टाकलेली.
अडलेल्याला हिसडा मारू न्हाई,
मारला की काय जातंय ते मोज, म्हणून पंजा दाखवायचे.
आत दांडा वाकेल, एक पंख उघडेल, दुसरा नाही,
मग मी भिंगरी.

झाकली मूठ सव्वा लाखाची,
आमच्या घरात हे मिठासारखं वापरतात.
आज पहिल्यांदा वाटलं, उघड बाई,
काय निघेल ते निघू दे.

गोकुळ शिरगाववर आले. ढलाईचा दिवस होता.
फाउंड्र्यांवरून ऊन हवा उठत होती,
तिला जळक्या वाळूचा वास.
तिच्यात शिरले की ती वर न्यायची, वर पुन्हा गारठा,
बाहेर पडले की खाली, आणि खाली वेळ संपायचा.
मधल्या एका पट्ट्यात
मी पंख कलता धरून फिरत राहिले.
चार फेऱ्या. अकरा. मग मोजणं सोडलं.
खाली कुणी पंपाची बॉडी ओतत असेल, कुणी इंजिनाचा ब्लॉक,
लाल रस साच्यात सोडताना कपाळ पुसत असेल.
त्याला काय ठाऊक
तो इथं माझा पंख शेकतोय.

टक्.

अडकित्त्यात सुपारी फुटावी, तेवढंच.
मूठ अर्धा इंच आली. मग सगळी आली.
दोन्ही पंखांवर पाती उभी राहिली
आणि पोटात खड्डा पाडत ग्लायडर बुडालं.
पडण्यात इतकं सुख असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

चाक टेकलं. पंख कलंडला.
डाव्या पेटीतून थेंब डांबरावर पडत होते,
पडायच्या आधीच वाळल्यासारखे.
चाचा आले. बोलले नाहीत.
तीन बोटांच्या हातानं पेटीत आतवर चाचपलं,
कोपऱ्यातनं वालाएवढा बर्फ काढला,
माझ्या तळहातावर ठेवला, बोटं मिटवली.

इरघळंस्तोवर धर, म्हणाले
आणि स्पंज कुठं टाकलाय ते बघायला गेले.